चक्कर येते? आधी घड्याळ बघा

चक्कर आली की आपल्याकडे घरातला प्रत्येक जण डॉक्टर होतो. आई म्हणते पित्त झालंय, शेजारच्या काकू म्हणतात बीपी बघून घ्या, आणि ऑफिसातला सहकारी स्वतःच्या मानेचा किस्सा सांगून स्पॉन्डिलायटिस ठरवून मोकळा होतो. मेडिकलवाला गोळ्यांची एक पट्टी काढून देतो. ती पुढे वर्षानुवर्षं चालू राहते आणि मूळ कारण कुणी शोधलेलंच नसतं.

ज्यांना पहिल्यांदाच गरगरलंय, किंवा ज्यांच्या घरात कुणाला तरी गरगरतंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी डॉक्टर नाही. हा त्रास स्वतः काढलाय आणि नंतर घरच्यांना घेऊन बऱ्याच ओपीडींच्या बाकांवर बसलोय, त्यातून जे कळलं ते सांगतो. चक्करचं कारण मशीनपेक्षा पेशंटच्या सांगण्यातून जास्त वेळा सापडतं. फक्त काय सांगायचं हे ठाऊक हवं.

सगळ्यात आधी: हे मेंदूचं तर नाही ना?

बहुतेक वेळा चक्कर कानातून येते आणि जिवावर बेतत नाही. पण थोड्या लोकांत ती मेंदूच्या झटक्याची पहिली खूण असते, आणि तिथे वेळ दवडून चालत नाही. चक्करसोबत बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात किंवा पाय बधिर पडला, एकाचे दोन दिसू लागले, पाणी गिळताना ठसका लागायला लागला, पूर्वी कधी नव्हती अशी डोकेदुखी किंवा मानेत अचानक कळ उठली, तर 108 ला फोन करा. कानाच्या चक्करने माणूस झोकांड्या खातो, पण भिंत धरून का होईना चार पावलं जातो. ज्याला आधाराशिवाय बसताही येत नाही, त्याच्याबाबतीत मेंदूचाच संशय धरून चालावं. वय साठीच्या पुढे असेल, बीपी, डायबेटिस किंवा तंबाखू असेल तर जास्तच.

रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्यामुळे ‘लिंबूपाणी देऊन बघू, सकाळी जाऊ’ हा विचार इथे महागात पडतो. आणखी एक गोष्ट हॉस्पिटलात कुणी सांगेलच असं नाही: लहान मेंदूतला झटका सुरुवातीच्या सीटी स्कॅनमध्ये बऱ्याचदा दिसत नाही, एमआरआयमध्येसुद्धा पहिल्या एक-दोन दिवसांत निसटू शकतो. म्हणून ‘सीटी नॉर्मल आहे, घरी जा’ म्हटलं आणि पेशंटला अजूनही उभं राहता येत नसेल, तर न्यूरॉलॉजिस्टना दाखवल्याशिवाय हलू नका.

आणखी दोन प्रसंग थांबण्याचे नाहीत. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, तर त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जायला हवं. स्टेरॉइडचा उपचार जितका लवकर, तितकी ऐकू परत येण्याची शक्यता जास्त. आणि छातीत दुखून किंवा धडधडून डोळ्यांपुढे अंधारी आली, माणूस क्षणभर बेशुद्ध पडला, तर कान सोडा, ईसीजी काढा.

चक्करचा झटका आलेला असताना

उभे असाल तर तिथेच खाली बसा. पलंगापर्यंत पोचायच्या नादात पडून मनगट मोडणारे खूप असतात. आडवं झाल्यावर ज्या कुशीवर कमी गरगरतं त्या कुशीवर पडा आणि डोळे गच्च मिटण्याऐवजी एका स्थिर वस्तूवर नजर लावा. कपाटाची मूठ चालेल, दाराची कडी चालेल. पंखा नको, बंद असला तरी. ओकारी येत असेल तर बादली किंवा पिशवी हाताशी ठेवा आणि ओआरएस घोटाघोटाने घ्या. डायबेटिस असेल आणि ग्लुकोमीटर घरात असेल तर साखर मोजा. इन्सुलिन किंवा गोळी घेऊन जेवण चुकलं असेल तर ती उतरलेली असू शकते.

घरच्यांसाठी दोन कामं. एक म्हणजे घड्याळात वेळ बघून ठेवणं. दुसरं, मोबाइलवर पेशंटच्या डोळ्यांचा जवळून व्हिडिओ घेणं. फ्लॅश नको, चांगला उजेड हवा, डोळे उघडे हवेत आणि नजर समोर. झटक्यात बुबुळं एका दिशेने झटके देत असतात, आणि ती दिशा बघून डॉक्टरांना कोणता कान, कानातली कोणती नळी, की कानाबाहेरचंच काही, याचा अंदाज येतो. तुम्ही ओपीडीत पोचेपर्यंत हे सगळं थांबलेलं असतं, म्हणून त्या अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओची किंमत मोठी.

पुढचे काही दिवस दुचाकी चालवू नका, शिडीवर किंवा स्टुलावर चढू नका, आणि न्हाणीघराची कडी आतून लावू नका. रात्री उठणाऱ्यांसाठी पलंग ते संडास या वाटेवर एक छोटा दिवा असू द्या. अंधारात डोळ्यांची मदत तुटते आणि तोल सगळा कान आणि तळपायांवर येतो.

वही करा

डॉक्टरांसमोर बसलं की बहुतेक जण ‘कसंतरीच होतं’ म्हणतात. गरगरतं की घेरी येते की डोकं हलकं होतं, यावर डोकेफोड करू नका. एकच पेशंट सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरं सांगतो. किती वेळ टिकली आणि कशामुळे सुरू झाली, याची उत्तरं मात्र सहसा बदलत नाहीत. तीच लिहून काढा.

प्रत्येक झटक्यापुढे तारीख, वेळ, आणि तो काही सेकंद, मिनिटं, तास की दिवस टिकला ते. त्या क्षणी काय करत होतात: कूस बदलत होतात, अंथरुणातून उठत होतात, फडताळातला वरचा डबा काढत होतात, दोरीवर कपडे वाळत घालत होतात, की नुसते बसलेले असताना आली? कानात दडे बसले का, शिट्टी किंवा समुद्राची गाज यावी तसा आवाज होता का, ऐकू कमी आलं का? डोकं दुखलं का, उजेड-आवाज नकोसे झाले का? त्या दिवशी उपास, जागरण किंवा पाळी होती का? शेवटच्या पानावर चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची नावं लिहा, आयुर्वेदिक काढे आणि ‘झोपेसाठी अधूनमधून’ घेतलेली गोळीसुद्धा. मागच्या काही महिन्यांत टीबीसाठी किंवा मोठ्या संसर्गासाठी स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन, अमिकासिन अशी इंजेक्शनं झाली असतील तर ते ठळक लिहा. ती आतल्या कानाला इजा करू शकतात, मूत्रपिंड कमजोर असेल तर अधिकच.

या वहीवरून बऱ्याचदा तपासणीआधीच कारणाचा माग लागतो.

सेकंदांची चक्कर: खडे सरकलेत

कूस बदलली, आडवं झालं, मान वर केली की जग फिरतं आणि मिनिटभराच्या आत थांबतं. मधल्या वेळात थोडं अस्थिर वाटतं, पण ऐकू नीट येतं. सगळ्यात जास्त आढळणारी चक्कर हीच. डॉक्टर तिला बीपीपीव्ही म्हणतात, पेशंट एकमेकांना ‘कानातले खडे हललेत’ असं सांगतात, आणि ते बरोबरच आहे. आतल्या कानात कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म खडे असतात. ते त्यांच्या जागेवरून सुटून शेजारच्या अर्धवर्तुळाकार नळीत शिरले की मान हलताच नळीतला द्रव ढवळतात आणि मेंदूला खोटा निरोप जातो. बहुतेक वेळा ती मागची नळी असते, कारण ती सगळ्यात खालच्या पातळीवर आहे. वय, डोक्याला मार, दीर्घकाळ अंथरुणात पडून राहणं ही नेहमीची निमित्तं. कित्येकदा निमित्त काहीच नसतं.

याचं निदान पलंगावर होतं. मार्गारेट डिक्स आणि चार्ल्स हॉलपाइक यांनी 1952 मध्ये सांगितलेली चाचणी आजही तशीच करतात. माझ्या मावशीची मी जवळून बघितली. डॉक्टरांनी तिला पाय लांब करून बसवलं, मान उजवीकडे अर्धी वळवली आणि म्हणाले, ‘मावशी, काहीही झालं तरी डोळे मिटायचे नाहीत, माझ्या नाकाकडे बघायचं.’ आणि झटकन मागे आडवं केलं, डोकं टेबलाच्या कडेबाहेर थोडं खाली. पहिले चार-पाच सेकंद काहीच नाही. मग तिची बुबुळं गोल फिरल्यासारखी वर झटके द्यायला लागली, तिने डॉक्टरांची बाही घट्ट धरली, ‘पडले, पडले’ म्हणाली. डॉक्टर शांतपणे सेकंद मोजत होते. अर्ध्या मिनिटात थांबलं. ‘उजवा कान,’ ते म्हणाले, आणि त्याच टेबलावर उपचार सुरू झाला. त्याआधी ती कित्येक महिने गळ्यात कॉलर घालून फिरत होती.

तो उपचार म्हणजे एप्ली मॅन्युव्हर. अमेरिकेत पोर्टलंडला प्रॅक्टिस करणाऱ्या जॉन एप्लींची ही युक्ती. औषध नाही, सुई नाही, डोकं ठरावीक क्रमाने फिरवून खडे परत जागेवर आणायचे. सुरुवातीला व्यवसायबंधूंनी त्यांची बरीच टिंगल केली, सविस्तर पेपर 1992 मध्ये छापून आला, आणि आज जगभरचे डॉक्टर हाच उपाय आधी करतात. बहुतेकांना एक ते तीन वेळांत बरं वाटतं.

पहिला एप्ली डॉक्टर किंवा या कामाची माहिती असलेल्या फिजिओथेरपिस्टकडून करून घ्या. कान चुकीचा धरला तर फायदा होत नाही, आणि खडे आडव्या नळीत असतील तर पद्धत निराळी लागते. मानेचं ऑपरेशन झालेलं असेल, मानेचा गंभीर आजार असेल, डोळ्याचा पडदा सुटलेला असेल, मानेच्या रक्तवाहिनीत अडथळा असेल तर घरी हात घालायचाच नाही. पुन्हा त्रास झाला आणि डॉक्टरांनी घरी करायला सांगितलं, तर उजव्या कानासाठी क्रम असा:

1. पलंगावर पाय लांब करून बसा. उशी अशी ठेवा की आडवं झाल्यावर ती खांद्यांखाली येईल. मान उजवीकडे 45 अंश वळवा.
2. मान तशीच ठेवून पटकन मागे आडवे व्हा. डोकं उशीपलीकडे किंचित खाली. गरगरेल. डोळे उघडे ठेवा, थांबू द्या, थांबल्यावर आणखी अर्धा मिनिट तसेच राहा.
3. डोकं न उचलता मान डावीकडे वळवा, म्हणजे आता ती डाव्या बाजूला 45 अंशांवर येईल. अर्धा ते एक मिनिट.
4. डाव्या कुशीवर वळा आणि नाक गादीच्या दिशेने करा. पुन्हा तेवढाच वेळ. इथे परत गरगरलं तर घाबरू नका.
5. हनुवटी छातीकडे ठेवून डावीकडूनच पाय खाली सोडा आणि उठून बसा. दहा मिनिटं उठायची घाई नको.

डाव्या कानासाठी सगळं उलट. शेजारी कुणीतरी असावं आणि पोट भरलेलं नसावं. नंतर दोन दिवस बसून झोपायचं, मान हलवायची नाही, ही जुनी पथ्यं आता सांगत नाहीत. त्यांचा विशेष उपयोग दिसलेला नाही. हलकं डोकं किंवा तरंगल्यासारखं वाटणं काही दिवस राहू शकतं.

हे खडे पुन्हा सुटू शकतात, तेही सांगून ठेवतो. ड जीवनसत्त्व तपासून घ्या. कोरियात हजाराहून अधिक रुग्णांवर झालेल्या, 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ते कमी असलेल्यांना ड आणि कॅल्शियम दिल्यावर चक्कर परतण्याचं प्रमाण कमी झालं.

उठल्यावरच येणारी

आडवं पडताना काही नाही, पण उभं राहताच अंधारी येते, ही बहुधा बीपी उतरल्याची. पाच मिनिटं आडवं पडून बीपी मोजा, मग उभं राहून एका आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला तर सापडलं कारण. बीपीच्या गोळ्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, प्रोस्टेटची गोळी, पाणी कमी पिणं, रक्त कमी असणं यात बघा. मे महिन्यात विदर्भात याचे पेशंट वाढले तर नवल नाही. गोळी मनाने बंद करू नका, आकडे घेऊन डॉक्टरांकडे जा.

तासांची चक्कर

इथे दोन संशयित. एकात झटक्याबरोबर त्याच कानात दडा, घुमणारा आवाज आणि कमी ऐकू येणं असतं. झटका वीस मिनिटांपासून बारा तासांपर्यंत चालतो. हा मेनिएरचा आजार, फ्रेंच डॉक्टर प्रॉस्पर मेनिएर यांनी 1861 मध्ये तो कानातून येतो हे सांगितलं. ऑडिओमेट्रीशिवाय, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीशिवाय, त्याचं निदान पक्कं होत नाही, आणि ती झटक्याच्या आसपास केली तर जास्त बोलते. मीठ कमी करायला सांगतात. पुरावा फार भक्कम नाही, पण लोणचं, पापड, फरसाण, वडापावबरोबरची तळलेली मिरची आवरली तर बीपीलाही बरंच. अगदीच आटोक्यात येत नसेल तर कानाच्या पडद्यातून इंजेक्शन देण्यापर्यंत उपाय आहेत.

दुसरा संशयित मायग्रेन, आणि आपल्याकडे तो हमखास निसटतो, कारण त्याला ‘पित्त’ म्हणून मोकळं व्हायची सवय आहे. उलटी झाली की बरं वाटतं, अंधाऱ्या खोलीत पडावंसं वाटतं, आईलाही हेच होतं. ही पित्ताची नव्हे, मायग्रेनची गोष्ट असू शकते. प्रत्येक चक्करला डोकं दुखेलच असं नाही. झटका पाच मिनिटांपासून तीन दिवसांपर्यंत कितीही चालतो. वहीत संकष्टी आणि एकादशीपुढे खुणा दिसायला लागल्या तर उपास सोडायचा की दर तीन तासांनी काहीतरी खायचं, हे तुमच्या श्रद्धेवर सोडतो, पण रिकामं पोट आणि जागरण हे मायग्रेनचे जुने सोबती आहेत. वारंवार होत असेल तर प्रतिबंधक गोळ्या असतात. त्या न्यूरॉलॉजिस्टकडून घ्या, डोकेदुखीच्या गोळ्यांवर महिने काढू नका.

दिवसांची चक्कर

एकदम सुरू होऊन दोन-तीन दिवस न थांबणारी, ओकाऱ्यांनी बेजार करणारी चक्कर बऱ्याचदा तोलाच्या नसेला आलेली सूज असते. ऐकू नीट येतं. पण मेंदूचा झटका नेमका असाच दिसू शकतो, म्हणून पहिल्या दिवशी डॉक्टरांनी बघायलाच हवं. डोळे आणि मान हलवून करायची तीन भागांची एक तपासणी आहे, हिंट्स नावाची. सरावाच्या डॉक्टरच्या हातात ती पहिल्या दिवसांत एमआरआयपेक्षा सरस ठरते.

मानेचं काय?

मला याची चीड आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. पन्नाशी ओलांडलेल्या जवळपास कुणाच्याही मानेचा एक्स-रे काढा, मणके झिजलेले दिसणारच. चक्कर येणाऱ्याचेही, न येणाऱ्याचेही. त्यामुळे त्या एक्स-रेने चक्करचं काहीही सिद्ध होत नाही. कॉलर महिनोन् महिने घातली तर मानेचे स्नायू ढिले पडतात आणि मान हलवायची भीती बसते. ‘मानेमुळे’ असं सांगितलं गेलं तर एकच प्रश्न विचारा: आडवं करून डोळे बघायची चाचणी केली का? नसेल केली तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जा.

तपासण्या आणि गोळ्या

सुरुवात फॅमिली डॉक्टर किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांपासून करा. सरकारी मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत केसपेपर काढून हे सगळं होतं. मुंबईत कानाची तपासणी नायरला किंवा वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेतही होते. वही समाधानकारक असेल तर खड्यांच्या चक्करसाठी एमआरआय लागत नाही. व्हीएनजी नावाच्या तपासणीत गॉगलमधला कॅमेरा बुबुळं टिपतो. त्या दिवशी काजळ-मस्कारा लावू नका, कॅमेरा फसतो. चक्करच्या गोळ्या किती आधी थांबवायच्या तेही अपॉइंटमेंट घेतानाच विचारा.

स्टेमेटिल, स्टुजेरॉन यांसारख्या गोळ्या उलट्या आणि गरगर दाबतात. पहिले दोन-तीन दिवस त्या हव्यातच. पण कान बिघडल्यावर मेंदू हळूहळू नवीन हिशेब शिकत असतो, आणि या गोळ्या लांबल्या की ते शिकणं मागे पडतं. म्हाताऱ्या माणसांत महिनोन् महिने चालू राहिल्या तर हात थरथरणं, चालणं मंदावणं असा कंपवातासारखा त्रास होऊ शकतो. वर्टिनसारखी बीटाहिस्टिनची गोळी त्या मानाने सौम्य, पण 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतल्या चाचणीत मेनिएरचे झटके तिने औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा जास्त कमी केले नाहीत. ‘ही किती दिवस घ्यायची?’ हा प्रश्न चिठ्ठी हातात पडतानाच विचारून तारीख लिहून घ्या.

तोलाचे व्यायाम

नसेची सूज ओसरल्यावर किंवा खडे जागेवर गेल्यावरही झोक जात असेल तर व्यायामच लागतो. एक घरगुती: व्हिजिटिंग कार्ड हाताच्या अंतरावर भिंतीला चिकटवा, नाव वाचत राहा आणि डोकं नाही-नाही म्हणताना हलवतो तसं हलवा, अक्षरं पुसट होणार नाहीत एवढ्याच वेगाने. आधी बसून, मग उभं राहून, मिनिटभर, दिवसातून तीन-चार वेळा. नंतर भिंतीलगत टाच-अंगठा जोडून चालणं. थोडं गरगरायलाच हवं, अजिबात गरगरत नसेल तर मेंदूला शिकायला काही मिळत नाही. पण अर्ध्या तासानंतरही गरगर उरत असेल तर वेग कमी करा. शीर्षासन, सर्वांगासन आणि हलासन तूर्त बाजूला ठेवा.

तीन महिन्यांहून जास्त काळ, जवळपास रोज, उभं राहिल्यावर हलल्यासारखं वाटत असेल, मॉलमध्ये आणि मोबाइल स्क्रोल करताना वाढत असेल आणि सगळे रिपोर्ट नॉर्मल असतील, तर त्यालाही नाव आहे: पीपीपीडी. ‘मनाचे खेळ’ म्हणून घरी पाठवलेले बरेच जण यातले असतात. त्यावर हेच व्यायाम, जोडीला समुपदेशन आणि गरज पडली तर मेंदूतल्या सेरोटोनिनवर काम करणाऱ्या गोळ्या, असा उपचार आहे. फरक दिसायला आठवडे लागतात, म्हणून पहिल्या पंधरा दिवसांत डॉक्टर बदलू नका.